चौघांचं सामान

सगळ्यात आधी स्टोव्ह आला. रविवारची सकाळ होती, सोसायटीत टँकर आला होता, आणि मी दोन हंडे घेऊन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचते तर दारात हा उभा. एका हातात गोणपाटात गुंडाळलेला आमचा पितळी स्टोव्ह, दुसऱ्यात रॉकेलचा कॅन. म्हटलं, "आज कसा काय? वाटपाला अजून महिना आहे." तर म्हणाला, "आधी हंडे तरी खाली ठेव."

माझ्याशी कुणी एवढ्या गोडीत बोललं की माझं डोकं फिरतं. वाईट बातमी आणलेली माणसंच असं बोलतात.

हा म्हणजे आमचा स्टोव्हवाला. आम्ही चौघं दर मे महिन्यात दोन मुक्कामांसाठी कुठल्यातरी गडावर जायचो. वसईतल्या एका गिर्यारोहण मंडळाच्या सहलीत आम्ही एका गटात पडलो होतो. पुढे मंडळ भांडणांत बुडालं, आम्ही चौघं तेवढे राहिलो. एकमेकांना नावानं हाक मारायची आमच्यात पद्धतच नव्हती. ज्याच्या ताब्यात जे सामान, तेच त्याचं नाव. निर्मळजवळच्या केळीच्या वाडीत राहणारा हा स्टोव्हवाला, रॉकेलचा कॅनही त्याच्याकडेच. आगाशीची पातेलंवाली, तिच्याकडे पातेलं, डाव आणि ताटल्या. जूचंद्रचा दोरवाला, त्याच्याकडे दोर आणि अंथरायचं प्लास्टिक. आणि विरारची मी, शिधावाली. तांदूळ, डाळ, मसाला, तेल आणि औषधांची पिशवी माझ्याकडे.

यातली कुठलीच वस्तू दुसऱ्या कुणी विकत घ्यायची नाही, असा नियम होता. नियम दोरवाल्याचा. त्याचं म्हणणं, सगळं सामान एकाच घरात आलं की त्या माणसाला बाकीच्यांची गरज राहत नाही, मग तो एकटाच जायला लागतो. आम्ही त्याला हसायचो, पण पाळायचो. माझ्या घरी साधा वातीचा स्टोव्हसुद्धा नव्हता. गॅस संपला की मी शेजारी जाऊन चहा करून आणायची, पण स्टोव्ह घ्यायची नाही.

निघायच्या आदल्या शनिवारी माझ्या हॉलमध्ये वाटप व्हायचं. हॉल कसला, वन रूम किचनमधली ती वन रूम. चटई पसरायची, ज्यानं त्यानं आपापली वस्तू मधे आणून ठेवायची, मग प्रत्येकानं दुसऱ्याची सॅक उचलून बघायची आणि कुणाची जास्त जड झाली यावरून वादावादी करायची. शिध्याचा एक फायदा असतो. पहिल्या दिवशी खांदे तुटतात, पण जेवणागणिक तो हलका होत जातो, आणि परतताना मी रिकामी सॅक हलवत सगळ्यांच्या पुढे. पातेलंवाली मागून शिव्या घालायची, तिचं पातेलं काही हलकं होत नसे. माझी आई होती तेव्हा ती पलंगावर बसून हा तमाशा बघायची आणि म्हणायची, एवढं करून तिथं जाऊन खिचडीच खाणार ना? आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ नाशिकला. वर्षभर त्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या चपला दिसायच्या त्या या वाटपाच्या दिवशी.

तर स्टोव्हवाल्यानं हंडे खाली ठेवायला लावले आणि मग सांगितलं, "कुवेतला चाललोय. व्हिसा आला."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि मे महिना?"

"ते काय माझ्या हातात आहे?"

त्याच्या आईनं मला कधीच माफ केलं नव्हतं, कारण गडावर आम्ही असायचो तेव्हा त्याची रविवारची चर्चमधली मिस्सा बुडायची. मनात आलं, चला, आता त्या माउलीला बरं वाटेल. पण कुवेतला तरी कुठली आलीय दर रविवारची मिस्सा. त्यानं गोणपाट सोडलं, गॅलरीत स्टोव्ह मांडला आणि मला दाखवायला लागला. नवा वायसर घातलाय, पंप एवढाच मारायचा, पिन इथे टाकीच्या पायाला बांधून ठेवलीये, भोक चोंदलं की हलक्या हातानं टोचायची. मी म्हटलं, "मला कशाला शिकवतोस? एवढी वर्षं तू पेटवतोस, मी बघते." तो म्हणाला, "म्हणूनच शिकवतोय." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तरी त्यानं शेवटपर्यंत शिकवलं, आणि जाताना म्हणाला, "आता तुझ्याकडेच राहू दे."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. रागात मला चहा आठवत नाही.

तो गेल्यावर मी ठरवलं की यंदा तिघं तर तिघं, पण जायचं. यात माझा काय जीव अडकला होता ते सांगते. एखादी गोष्ट एक वर्ष चुकली की ती परत होत नाही, हे मी घरातच बघितलं होतं. भावाकडे दिवाळीला जायचं एकदा राहिलं. काही भांडण नाही, काही नाही, मला ताप होता. पुढच्या वर्षी त्यांनी गृहीतच धरलं की मी येत नाही, आणि मीही कुणी बोलावण्याची वाट बघत बसले. तेव्हापासून दिवाळी मी विरारलाच करते. मे महिन्याची सहल तशी हातातून गेली तर माझ्याकडे वर्षातलं काहीच उरणार नव्हतं. कामावर जाणं, घरी येणं, पाण्याच्या वेळा सांभाळणं, संपलं.

मग पातेलं आलं. पातेलंवालीनं आदल्या हिवाळ्यात लग्न केलं होतं, वयाची सदतीस उलटल्यावर, दोन मुलं असलेल्या बिजवराशी. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला होता. तिचा नवरा एके संध्याकाळी स्कूटरवर पातेलं घेऊन आला. कापडात छान गाठ मारून बांधलेलं, आत डाव, ताटल्या आणि वाळक्या केळीच्या पानांत बांधलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची सुकवलेली केळी. ती दरवर्षी सुकेळी आणायचीच, चढणीवर तोंडात टाकायला. माणूस फार सज्जन. दारात चपला काढून आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, ही म्हणाली, एवढं पोचवून या. तिचं काही यायचं जमणार नाही. मुलांना सुट्टी, घरात पाहुणे. पुढच्या वर्षी बघू म्हणाली."

मी गाठ सोडली आणि बघतच राहिले. आमचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. आतून आम्ही ते चकचकीत ठेवायचो, पण बाहेरून कधीच घासायचो नाही. इतक्या वर्षांच्या मुक्कामांची काजळी होती त्याच्यावर. बोट लावलं की बोट काळं व्हायचं, आणि परतीच्या गाडीत कुणाच्या गालाला ते बोट पुसायचं यावर आमचा अर्धा प्रवास जायचा. ते पातेलं आता लख्ख पांढरं झालं होतं, अगदी लग्नाच्या रुखवतात मांडावं तसं.

"हे कुणी घासलं?"

"मीच," तो जरा लाजून म्हणाला. "तारेच्या घासणीनं. दोन दिवस लागले. हिला म्हटलं, लोकांना असं काळं भांडं कसं परत करायचं?"

लोकांना. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं घासलं होतं, त्याला मी काय बोलणार. त्याला चहा दिला, वर लाडू दिला, दारापर्यंत सोडलं. मग जमिनीवर बसून अर्धी सुकेळी संपवली. भूक नव्हती, पण रागाला काहीतरी चावायला लागतं.

राहिला दोरवाला. त्याला कामावरून फोन केला, तर म्हणाला, "आपण दोघं तर आहोत ना. जाऊ की." मी विचारलं, "घरी चालेल का?" कारण गावात लोक काय, बोलायला टपलेलेच असतात. तर मागून त्याच्या बायकोचाच आवाज आला, न्या त्यांना दोन दिवस, घरात शांतता तरी राहील. ही त्याची बायको मला पहिल्यापासून आवडायची. हरिश्चंद्रगड ठरला. दोघांचा तर दोघांचा, ग्रुप तो ग्रुपच. त्या फोननंतर मी आठवडाभर उगाचच गुणगुणत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी रजा काढली आणि सकाळपासून सामान लावायला घेतलं. चटईवर मधे स्टोव्ह, शेजारी ते पांढरं पातेलं, ताटल्या, डाव, बाजूला शिध्याच्या पिशव्या. दोर आणि प्लास्टिकची जागा मोकळी ठेवली. मे महिन्यात सॅक भरायची म्हणजे पहिल्यांदा पाण्याचा विचार. खिंडीच्या वर देवळापर्यंत टिपूस मिळत नाही, त्यामुळे पाण्याचे कॅन पाठीला लागून मधोमध बसवायचे, म्हणजे चालताना हिंदकळत नाहीत. त्याच्या भोवती चादर खोचायची. तांदूळ तळाशी कधी घालायचे नाहीत, जड वस्तू खाली गेली की सॅक मागे खेचते. तेलाची बाटली दोन पिशव्यांत, आणि तीही उभी. रॉकेलचा कॅन बाहेरून, कपड्यांपासून लांब, नाहीतर पुढचे दोन दिवस अंगाला स्टोव्हचा वास. वाटी घेऊन डाळ-तांदूळ मोजायला बसले आणि पिशवीचं तोंड बांधल्यावर लक्षात आलं की हातानं आपलं नेहमीचंच माप घातलंय, चौघांचं. काढून ठेवावं म्हटलं, मग कंटाळा केला. दोरवाला खातो तरी दोघांचं.

दुपार सरली, उन्हं गॅलरीतून आत आली आणि निघून गेली. दिवेलागणीच्या जरा आधी तो आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, कमरेला नवाकोरा मोबाइल. खांद्यावर दोराचं वेटोळं, काखेत प्लास्टिकची घडी. पाठीला सॅक नाही. मी त्याच्या तोंडाकडे न बघता पाठीकडेच बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्यानं मिठागरातली नोकरी सोडून रेती-विटांचा धंदा सुरू केला होता. जूचंद्रला तेव्हा जिथं बघावं तिथं बिल्डिंग उभी राहत होती.

"उद्या स्लॅब आहे," तो म्हणाला.

"परवा घाला."

"स्लॅबचं तुला कळत नाय. एकदा ओतायला घेतला की थांबवता येत नाय. मानसं बोलावलीत, मिक्सर येतोय."

"मग आज सांगतोस?"

"मला वाटलं, पुढं ढकलेल पार्टी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी शांतपणे म्हटलं, "ठीक आहे. दोर ठेव आणि जा."

"तू एकटी जानार?"

"हो."

"वेडी का काय तू. बाईमानूस एकटी गडावर?"

"एवढी वर्षं मी काय बुवा होते?"

"एवढी वर्षं आमी होतो."

बोलून तोच जरा वरमला. गॅलरीत जाऊन त्यानं सिगारेट पेटवली, काडी माझ्या तुळशीत टाकली, रस्त्याकडे बघत अर्धी ओढली. आत येऊन पुन्हा म्हणाला, "ऐक माझं. पावसाळ्यात जाऊ कुठंतरी. चिंचोटीच्या धबधब्यावर जाऊ, सगळ्यांना घेऊन."

"चिंचोटीला जत्रा असते. दोर ठेव."

"एकटीला दोर कशाला? वरून धरायला कोन हाय?"

"ठेव म्हटलं ना."

त्यानं दोर चटईवर ठेवला, प्लास्टिक ठेवलं, दारात थांबला. "पानी जास्त घे," म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

मी दार लावलं आणि चटईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं सामान एकाच घरात आलं होतं, आणि ते घर माझं होतं. तिघांनी मिळून अख्खा ग्रुप माझ्या गळ्यात मारला होता आणि आपण मोकळे झाले होते. मला इतकं एकटं वाटलं की मी मोठ्यानं एक शिवी दिली. ती ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून दुसरी दिली.

मग सामान भरायला बसले. शहाण्या माणसानं काय केलं असतं? घरातलं छोटं भगुनं घेतलं असतं, चिवडा-चपात्या घेतल्या असत्या, स्टोव्ह, दोर, पातेलं पलंगाखाली ढकललं असतं. एका माणसाला दोन दिवसांना लागतं किती? पण मी एकेक वस्तू बाजूला काढायला हात घातला की वाटायचं, ही काढली म्हणजे त्याला काढलं. दोर काढला तर दोरवाला गेला. स्टोव्ह काढला तर स्टोव्हवाला खरोखरच कुवेतला गेला. म्हणून मी उलटं केलं. त्यांचं सगळं भरलं आणि माझं कमी केलं. जादा कपडे काढले, उशीची पिशवी काढली, चादर एकच ठेवली, जाड पायमोजे काढले. पातेल्यात स्टोव्ह, स्टोव्हच्या बाजूनं ताटल्या, त्यावर दोर. सॅकचं तोंड बांधताना गुडघा दाबून धरावा लागला.

जड सॅक पाठीला लावायची रीत असते. ती भिंतीला टेकवायची, पुढे बसून पट्टे खांद्यात घालायचे, आणि मग समोरच्यानं हात देऊन ओढायचं. आम्ही दरवर्षी असंच एकमेकांना उठवायचो. मी पट्टे घातले, पुढे झुकले, उठायला जोर केला आणि मागच्या मागे सॅकवर आडवी झाले. उलट्या पडलेल्या कासवासारखे हातपाय वर. आधी हसूच आलं. मोठ्यानं हसले मी. मग हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही, आणि तशीच पट्ट्यांत अडकून, छताकडे बघत पोटभर रडून घेतलं. शेवटी कुशीवर वळले, पलंगाचा पाय धरला आणि गुडघ्यांवर उठले. उठता येतंय हे कळल्यावर सॅक काढून ठेवली आणि झोपले.

सकाळच्या एसटीनं कल्याण, तिथून माळशेजची गाडी. कल्याणच्या आधी चिंचोटी नाक्यावर एसटी थांबली तेव्हा कुणी उतरलं नाही, मे महिन्यात तिथं धबधब्याच्या जागी नुसते दगड असतात. घाट चढून खुबी फाट्याला उतरले. कंडक्टरनं सॅक खाली द्यायला मदत केली आणि विचारलं, "मॅडम, घर बदलताय का?"

चढणीचं फार सांगत नाही. मी थांबत थांबत, स्वतःशी भांडत चढले. करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर लागल्या होत्या, पण वाकले तर परत उठता येईल की नाही या भीतीनं तोडली नाहीत. खिंडीच्या वरचा खडकाचा टप्पा आला तिथं सॅकला दोराचं एक टोक बांधलं, दुसरं कमरेला घेऊन रिकामी वर गेले आणि बसून सॅक ओढून घेतली. चार ठिकाणी अडकली, तीनदा खाली जावं लागलं, पण आली. एकटीला दोर कशाला म्हणे.

देवळाजवळच्या गुहेत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गुहेत आधीच एक मोठा ग्रुप उतरलेला. पुण्याची मंडळी, दहा-बारा जण, बायकामाणसं, एक-दोन म्हातारेही. दुसऱ्या गुहांत कुणी ना कुणी होतंच, सुट्टीचे दिवस. मी एका कोपऱ्यात सॅक टाकली, टाक्यावरून पाणी आणलं, स्टोव्ह मांडला. स्टोव्हवाल्यानं दाखवलं तसं रॉकेल ओतलं, पंप मारला. आणि काडेपेटीसाठी पिशवीत हात घातला.

काडेपेटी नव्हती. औषधं होती, सुई-दोरा होता, मेणबत्त्यासुद्धा होत्या, पण काडेपेटी नाही. कारण काडेपेटी कधी आमच्या सामानात नव्हतीच. ती दोरवाल्याच्या शर्टाच्या खिशात असायची, सिगारेटींसोबत, आणि आम्ही सगळे जण नुसते म्हणायचो, जाळ दे रे. ती कुणाच्या वाट्याला आलीच नव्हती. कुणी आणायची ती वस्तू, हे ठरवायची वेळच आली नव्हती.

झक मारत शेजारी मागायला गेले. त्यांच्या ग्रुपचा म्होरक्या कापडी टोपी घातलेला गृहस्थ होता, साधारण माझ्याच वयाचा. काडेपेटी घेऊन तो स्वतःच आला. स्टोव्ह, पातेलं, दोर, ताटल्या, सगळ्यावर नजर फिरवून म्हणाला, "वा, जय्यत तयारी आहे. किती जण आहात?"

"चौघं."

"बाकीचे?"

"मागून येतायत," मी म्हटलं. "दमानं."

काही ठरवून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. आणि गेलं ते बरंच वाटलं. तो वळून आपल्या माणसांना म्हणाला, "अरे, या ताईंची तीन माणसं यायचीत. चौघांची जागा सोडा इथं." त्यांची आत पसरलेली दोन माणसं उठली, चादरी गुंडाळल्या आणि निमूट दाराशी जाऊन झोपायची तयारी करायला लागली. मी नको म्हणायला हवं होतं. मी प्लास्टिक पसरलं, चौघांपुरतं, कोपऱ्यांवर दगड ठेवले.

स्टोव्ह पहिल्या फटक्यात पेटला. मी खिचडी टाकली. त्यांच्यातली एक बाई गप्पा मारायला येऊन बसली आणि विचारायला लागली, कोण कोण आहे म्हणून. मग मी सांगायला लागले. एक आमचा वसईचा आहे, तो फार सावकाश चढतो, वाटेत प्रत्येक झाडाचं पान तोडून वास घेतो. एक माझी मैत्रीण, तिचं चढणीवर तोंड बंद होत नाही. आणि एक आहे तो सगळ्यांत शेवटी राहतो, सिगारेटसाठी. सांगताना मला तिघं स्पष्ट दिसत होते, कुठल्या वळणावर असतील, काय बोलत असतील. बाई हसत होती. खिचडी रटरटत होती, त्या नव्यानं पांढऱ्या झालेल्या पातेल्याला बाहेरून काजळी धरत होती. त्या महिन्या-दीड महिन्यातला तो एवढाच वेळ मी सुखात होते. झाकण ठेवून खिचडी बाजूला काढली, म्हटलं, सगळे आले की वाढू.

सूर्य कोकणकड्याकडे गेला. देवळाचा कळस काळा दिसायला लागला. टोपीवाला दोनदा बाहेर जाऊन वाट बघून आला. "अहो, तुमच्या लोकांकडे बॅटरी तरी आहे का?" मी नाही म्हणून मान हलवली. तो गेला आणि मी बघितलं तर बुटाच्या नाड्या बांधतोय. शेजारी दाराशी झोपायला गेलेली ती दोघं, तीही बूट घालत होती. दिवसभराच्या चढणीनं एकाचा पाय सुजला होता, बूट आत जात नव्हता, तरी तो खेचत होता.

"आम्ही खिंडीपर्यंत जाऊन बघतो," टोपीवाला म्हणाला. "अंधारात वाट चुकतात इथं माणसं. तुमचा दोर नेतो." त्यानं वाकून दोर उचलला, खांद्यावर घातला.

"नका जाऊ," मी म्हटलं.

"अहो, असं कसं—"

"मागून कुणी येत नाहीये. मी एकटीच आलेय."

मघाशी माझ्याशी गप्पा मारणारी बाई पोळ्यांचा डबा उघडत होती, तिचा हात थांबला. टोपीवाला माझ्याकडे बघत राहिला, मग प्लास्टिककडे, मग पातेल्याकडे. मला वाटलं, आता हा भडकेल. भडकला असता तर फार बरं झालं असतं. मीही दोन शब्द ऐकवले असते, भांडण मला जमतं. पण तो "अच्छा" एवढंच म्हणाला. दोर खांद्यावरून काढून जागेवर ठेवला आणि त्या दोघांना हातानं खूण केली. सुजल्या पायाच्या माणसानं बूट परत उतरवला.

एप्रिलपासून हे वाक्य मी कुणापाशी म्हटलं नव्हतं, स्वतःपाशीही नाही. मला वाटायचं, म्हटलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. त्यांची पंगत बसली, त्यांनी मला लोणचं आणून दिलं, मी त्यांना खिचडी दिली, तीनचतुर्थांश पातेलं. चांगली झाली होती, सगळ्यांनी सांगितलं. मी जेवले, ताटली विसळून आणली. बाकीच्या तीन कोरड्याच होत्या, त्या सॅकमध्ये ठेवल्या.

आवराआवर चालली असताना टोपीवाला पुन्हा आला आणि उकिडवा बसला. बोलावं की नाही अशा बेतात होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही जरा भिंतीकडे सरकता का? आमची दोन माणसं दाराशी आहेत, तिथं वारा फार लागतो."

"हो, हो, येऊ द्या," मी म्हटलं.

प्लास्टिकच्या कोपऱ्यांवरचे दगड काढले, त्याची घडी घालून एकेरी केलं. सॅक ओढली, पातेलं उचललं आणि भिंतीला लागून बसले. ती दोघं आपापल्या चादरी घेऊन आत आली आणि शेजारी आडवी झाली. ऐसपैस मावली. सुजल्या पायाखाली घ्यायला त्याला काही मिळेना, म्हणून मी माझी सॅक रिकामी करून दिली.